देवी दरवर्षी परत का येतात? परसातल्या कोंबड्यांच्या फाऊल पॉक्सचा माग

आधी लक्षणं

फाऊल पॉक्स म्हणजे कोंबड्यांच्या देवी, एक विषाणूचा आजार. कोंबडीच्या तुऱ्यावर बारीक पांढुरके ठिपके उठतात. पीठ उडून चिकटलं असावं असं वाटतं आणि आपण दुर्लक्ष करतो. दोन-तीन दिवसांत त्यांचे पिवळसर फोड होतात, मग ते एकमेकांत मिसळून चामखिळीसारखे खडबडीत होतात आणि शेवटी त्यांच्यावर काळपट-तपकिरी खपली धरते. चोचीखालचं लोंबतं लाल मांस, पापण्या, चोचीचे कोपरे, कानाजवळची कातडी या जागाही सुटत नाहीत. कधी पायांवर आणि पंखाखालच्या उघड्या कातडीवरही फोड येतात. म्हणजे जिथे पिसं नाहीत, तिथे.

पापणीवर फोड आला की डोळा सुजतो, चिकटतो, बंद होतो. कोंबडी मलूल होते, कमी खाते. अंडी घटतात, वाढत्या तलंगांचं, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्यांचं, वजन थांबतं.

हा झाला कोरडा प्रकार. दुसऱ्या, ओल्या प्रकारात बाहेर फारसं काही दिसत नाही. तोंडात, जिभेच्या मुळाशी, घशात पिवळट-पांढरे थर जमतात. कोंबडी चोच उघडी ठेवून श्वास घेते, घशातून घरघर येते, पाण्याशी जाते आणि न पिताच मागे फिरते. एकाच कोंबडीला दोन्ही प्रकार एकदम होऊ शकतात.

तिसरं लक्षण कोंबडीवर नसतं, दिवसांच्या हिशोबात असतं. देवी सावकाश पसरतात. आज एकीला, आठवड्याने आणखी दोघींना, मग आणखी चौघींना. संसर्ग झाल्यापासून फोड दिसायला साधारण 4 ते 10 दिवस जातात. एक कोंबडी तीन-चार आठवड्यांत बरी होते, पण सगळ्यांची पाळी येऊन जायला दोन-तीन महिने लागू शकतात. एका रात्रीत निम्मं खुराडं आडवं झालं असेल, तर त्या देवी नव्हेत.

म्हणून पुढे वाचण्याआधी हे पाहा. एक-दोन दिवसांत अनेक कोंबड्या अचानक मेल्या आहेत का? तुरा निळा-काळा पडलाय, डोकं किंवा चेहरा सुजलाय का? माना मुरडल्यात, पाय लुळे पडलेत, हिरवट पातळ हगवण आहे का? यातलं एक जरी दिसलं तरी घरचे उपाय तिथेच थांबवा. बर्ड फ्लू किंवा राणीखेत, म्हणजे मानमोडी, असू शकते. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, तो कापून पाहू नका, एकही कोंबडी किंवा अंडं बाहेर देऊ नका आणि लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. खालचं सगळं फक्त देवींसाठी आहे.

मी कुठे चुकत होते

माझ्याकडे वीस-पंचवीस कोंबड्या असतात. माझ्या खुराड्यात देवी चार वेळा येऊन गेल्या, ओळखीच्यांकडे त्याहून जास्त वेळा पाहिल्या. पहिल्या दोन खेपांना मी फक्त कोंबड्यांच्या मागे लागले होते. मलम, थेंब, पाण्यात औषध, सगळं केलं. कोंबड्या बऱ्या झाल्या, खपल्या गळाल्या, मी सुटकेचा श्वास टाकला आणि पुढच्या डासांच्या दिवसांत नव्या तलंगांना तेच फोड आले.

या विषाणूवर औषध नाही. कोंबडी बरी होते ती तिच्या स्वतःच्या ताकदीवर. आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत. ती बरी होईपर्यंत तिच्या पोटात अन्न-पाणी जात राहील हे पाहणं आणि विषाणूच्या येण्या-जाण्याच्या वाटा बंद करणं. पहिली बहुतेक जण करतात, दुसरी राहून जाते. म्हणून आजार "परत येतो". खरं तर तो गेलेलाच नसतो.

खालच्या तपासण्या मी सोप्या आणि बिनखर्चीपासून अवघडकडे लावल्या आहेत. क्रम मोडू नका. वरच्या दोन-तीन न करता लोक थेट लसीकडे धावतात आणि मग लस वाया गेली म्हणतात.

तपासणी 1: ही खपली खरंच देवीची आहे का?

खर्च शून्य. दिवसाउजेडी कोंबडी मांडीवर घ्या, पंख अंगाशी धरून ठेवा आणि तुरा अगदी जवळून पाहा. भिंग असेल तर उत्तम.

चोच मारून झालेली जखम एकाच जागी असते, वाळलेल्या रक्ताने काळी दिसते आणि चार दिवसांत सुकायला लागते. देवीचे फोड अनेक असतात आणि वेगवेगळ्या अवस्थेतले असतात. एक कोवळा, एक पिकलेला, एकावर खपली.

तुऱ्यावर पांढरी भुकटी भुरभुरल्यासारखी दिसते आणि फोड नसतात, तर ती बुरशी असू शकते.

मला सगळ्यात जास्त फसवलं ते पिसवांनी. एका जातीच्या पिसवा डोळ्यांभोवती आणि तुऱ्यावर कातडीत तोंड रुतवून गठ्ठ्याने बसतात. लांबून ती अगदी काळपट खपली दिसते. भिंगाखाली पाहिलं की दाणेदार, चकचकीत, एकसारखे ठिपके दिसतात. एका ओळखीच्या बाईंनी आठवडाभर अशा "खपल्यां"ना मलम लावलं होतं, कोंबडी मात्र रक्त कमी होऊन फिकट पडत होती. पिसवांचा उपाय पूर्ण वेगळा आहे, म्हणून ही तपासणी पहिली.

चेहरा सुजलाय, नाकातून चिकट स्राव येतोय आणि त्याला घाण वास आहे, पण फोड एकही नाही, तर तो बहुधा जिवाणूंचा सर्दीचा आजार आहे. त्याला डॉक्टरांचं औषध लागतं.

तपासणी 2: चोच उघडून आत पाहा

रोज, आजारी आणि निरोगी, प्रत्येक कोंबडीची. दुसऱ्या कुणीतरी टॉर्च धरावा. एका हाताने डोकं मागून धरायचं, दुसऱ्या हाताच्या नखाने चोचीच्या कडेला हलकेच दाबायचं, चोच उघडते. जीभ, टाळू आणि जिभेमागे श्वासनलिकेचं तोंड पाहायचं. ते तोंड श्वासाबरोबर उघडतं-मिटतं, एकदा पाहिलं की पुन्हा चुकत नाही.

कोरड्या देवींनी मरणाऱ्या कोंबड्या थोड्या असतात. ओल्या प्रकारात मात्र थर श्वासनलिकेच्या तोंडाशी आला तर कोंबडी गुदमरून जाते. तुऱ्यावर दोनच फोड आहेत म्हणून आपण निश्चिंत असतो आणि घसा आतून भरत असतो.

हा थर घट्ट चिकटलेला असतो. ओढलात तर खाली कच्चं मांस उघडं पडतं आणि रक्त येतं. चिमट्याने काढू नका. रक्त आणि तुटलेला तुकडा श्वासनलिकेत गेला तर वाचणारी कोंबडीही जाते.

तोंडातल्या पिवळ्या-पांढऱ्या थराला आणखी कारणं असतात. अ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर घशात बारीक पांढरे दाणे दिसतात आणि डोळ्यांत चिकट, दह्यासारखा स्राव साचतो. अशा कळपाला बहुधा हिरवा पाला महिनोन्‌महिने मिळालेला नसतो. ट्रायकोमोनास नावाचे एकपेशीय जीवही तोंडात पिवळट गाठी करतात. फरक नजरेने नेहमी कळत नाही. बाहेर एकही फोड नाही आणि फक्त तोंडात थर आहे, अशा वेळी अंदाजाने औषध सुरू न करता डॉक्टरांना तोंड दाखवा.

तपासणी 3: रात्री पोटाची पिशवी चाचपा

माझ्या मते सगळ्यात जास्त कोंबड्या याच तपासणीने वाचतात.

दुसऱ्या साथीत माझी एक तांबडी कोंबडी होती. दोन्ही पापण्यांवर फोड, दोन्ही डोळे चिकटलेले. मी तिला वेगळ्या खोक्यात ठेवलं, समोर खाद्याची वाटी, बाजूला पाणी. सकाळ-संध्याकाळ डोकावून पाहायचे, वाटी भरलेली. मला वाटायचं, आजारी आहे, भूक नसेल. चौथ्या दिवशी उचलली तर हातात पिसांखेरीज काही लागेना, छातीचं हाड बोटाला धारदार लागलं. अन्न चोचीपासून वीतभर अंतरावर होतं आणि तिला ते दिसत नव्हतं. मी ओला भरडा बोटावर घेऊन तिच्या चोचीला लावला. ती क्षणभर थांबली आणि मग एवढ्या आवेगाने खायला लागली की माझं बोटही सोडेना. तिला भूक नव्हती असं नव्हतंच. ती नंतर अडीच वर्षं जगली.

तेव्हापासून नियम केला. कोंबड्या रात्री बसल्यावर प्रत्येकीच्या गळ्याखाली, छातीच्या वरच्या बाजूला, अन्नाची पिशवी चाचपायची. दिवसभर खाल्लेल्या कोंबडीची पिशवी लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी, भरीव लागते. रिकामी, सपाट लागली तर ती उपाशी झोपली आहे, मग ती दिवसा कितीही फिरताना दिसो. अंधारात हे काम सोपं जातं, त्या पळत नाहीत.

डोळे बंद असतील तर अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवा. स्वच्छ कापसाचा बोळा त्यात भिजवून डोळ्यावर दोन-तीन मिनिटं नुसता ठेवा. स्राव मऊ झाला की आतल्या कोपऱ्याकडून बाहेर पुसा. प्रत्येक डोळ्याला नवा बोळा घ्या आणि वापरलेला जाळून टाका. पापण्या आपोआप सुटल्या तर ठीक, ओढून उघडू नका. दिवसातून दोनदा.

खायला ओला, मऊ भरडा खोल वाटीत द्या, वाटी रोज त्याच जागी ठेवा आणि चोच एकदा त्यात टेकवून दाखवा. पाण्याचंही तसंच. आंधळी झालेली कोंबडी दोन दिवसांत जागा शिकते. चमच्याने किंवा सिरिंजने घशात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. चोचीच्या कडेला थेंब-थेंब लावा, ती स्वतः गिळेल.

खपल्यांना हात लावू नका. हे मला प्रत्येकाला दोनदा सांगावं लागतं. खपली काढली की खालची जखम उघडी पडते, त्यात जिवाणू शिरतात, आणि काढलेली खपली जिथे पडेल तिथे विषाणू पडतो. पातळ आयोडीन खपलीवर हलकं टेकवायला हरकत नाही, पण डोळ्याजवळ अजिबात नाही.

आणि प्रतिजैविकांबद्दल. घरात उरलेलं कसलं तरी अँटिबायोटिक पाण्यात टाकणं हा उपाय नव्हे. विषाणूवर त्याचा काही परिणाम होत नाही. फोडांमध्ये जिवाणूंचा संसर्ग झाला, डोळ्यात पू झाला, तर ते लागतं. कोणतं, किती आणि किती दिवस अंडी खायची नाहीत हे डॉक्टर सांगतील.

तपासणी 4: वेगळं ठेवलंय, पण खरंच वेगळं आहे का?

आजारी कोंबडीला त्याच खुराड्यात जाळीपलीकडे ठेवणं म्हणजे वेगळं ठेवणं नव्हे. डास जाळीतून जातात. तिची जागा दुसरीकडे, मच्छरदाणीखाली हवी. भांडी वेगळी, झाडू वेगळा. रोजचं काम आधी निरोगी कोंबड्यांचं, मग आजाऱ्यांचं, मग हात धुऊन कपडे बदलायचे. उलट क्रमाने केलं की आपणच वाहक होतो.

पहिला फोड दिसल्या दिवशी सगळ्या कोंबड्या तपासून वहीत लिहा. कुणाला, कुठे, कधी. पुढे लसीचा निर्णय याच आकड्यांवर होतो.

या देवी माणसाला होत नाहीत. माणसाच्या कांजिण्यांना इंग्रजीत चिकनपॉक्स म्हणतात म्हणून अनेकांना भीती वाटते, पण तो विषाणू पूर्ण वेगळ्या कुळातला आहे. मुलांना कोंबड्यांपासून कांजिण्या होणार नाहीत. तरी हात साबणाने धुवाच, इतर रोग आहेतच.

तपासणी 5: डास कुठे जन्मतात?

विषाणू धडधाकट कातडीतून आत शिरू शकत नाही, त्याला भोक लागतं. सर्वांत सोयीचं भोक डास पाडतो. आजारी कोंबडीला चावलेला डास पुढे कित्येक दिवस, आठवडेही, विषाणू सोंडेवर वागवतो आणि चावेल त्या कोंबडीला देतो. उघड्या जागी फोड येतात ते यामुळेच, पिसांतून डासाची सोंड पोचत नाही.

खुराड्याभोवती फेरी मारा आणि साचलेलं पाणी शोधा. जुना टायर, उपडी न घातलेली बादली, कुंडीखालची थाळी, झाकण नसलेली टाकी, ताडपत्रीच्या घड्यांतलं पाणी. माझ्याकडे दोष एका ठिकाणी सापडला, तो शोधायला मला दोन साथी लागल्या. कोंबड्यांचं पाण्याचं भांडं मी रोज भरत होते, पण रिकामं करून धूत नव्हते. वरून ताजं पाणी, तळाशी अळ्या. उबदार दिवसांत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून सगळी भांडी आठवड्यातून किमान एकदा पूर्ण ओतून, आतून घासून, उन्हात वाळवायची. कोंबड्यांची रोज.

कोंबड्यांना चावणारे डास मुख्यतः तिन्हीसांजेला आणि रात्री येतात. अंधार पडायच्या आधी कोंबड्या आत घेऊन खुराड्याच्या खिडक्यांना बारीक जाळी लावली तर चावे बरेच कमी होतात. कोंबड्यांची नेहमीची जाळी यासाठी कामाची नाही, तिच्या एका घरातून दहा डास जातील. हवा मात्र खेळती राहिली पाहिजे. कोंडलेल्या खुराड्यात अमोनिया साठतो आणि श्वासाचे आजार वाढतात. डास मारायच्या अगरबत्त्या खुराड्यात लावू नका. पक्ष्यांची फुप्फुसं धुराला फार नाजूक असतात.

तपासणी 6: ओरखडे

डासांचा बंदोबस्त होऊनही फोड चालूच राहिले तर कातडी आणखी कशाने फुटते ते पाहा. सुटलेली तार, खिळ्याचं टोक, दोन कोंबड्यांची झुंज, कमी जागेत जास्त पक्षी. एका कोंबडीवर बाकीच्या तुटून पडत असतील तर तिचा तुरा हा विषाणूसाठी उघडा दरवाजा आहे. खाद्याची भांडी एकाऐवजी दोन-तीन ठिकाणी ठेवली की भांडणं बरीच कमी होतात.

तपासणी 7: गळालेल्या खपल्या

कोंबडी बरी झाली, तुरा पुन्हा लाल झाला, आपण विसरतो. गळालेली खपली मात्र भुश्यात, बसायच्या दांड्याच्या फटीत, अंड्यांच्या टोपल्यात पडून राहते. वाळलेल्या खपलीत हा विषाणू कित्येक महिने टिकतो. वाळलेपणच त्याला सांभाळतं. नव्या तलंगा त्याच भुश्यात उकरतात, चोचीला लहानसा ओरखडा असला की झालं. धुळीबरोबर तो श्वासातूनही जातो.

शेवटच्या कोंबडीची शेवटची खपली गळाल्यानंतर एक दिवस पूर्ण खुराड्यासाठी काढा. कोंबड्या बाहेर. तोंडाला फडकं बांधा, भुश्यावर आधी हलकं पाणी शिंपडा, म्हणजे धूळ उडणार नाही. सगळा भुसा, जुनी टोपली, पिसं बाहेर काढून जाळा किंवा खोल पुरा. भाजीच्या वाफ्यात टाकू नका, कोंबड्या तिथेच उकरायला जातात. मग दांडे, कोपरे, फटी खरवडा. इथे घाई करू नका. जंतुनाशक खपलीच्या आत शिरत नाही. मळ तसाच ठेवून वरून औषध फवारलं तर फक्त मळ ओला होतो. खरवडून झालं की साबणाच्या पाण्याने घासा, वाळू द्या आणि मग जंतुनाशक, त्यावर लिहिलेल्या प्रमाणात आणि लिहिलेला वेळ. पुन्हा पूर्ण वाळवून नवा भुसा.

हे काम मी तिसऱ्या साथीनंतर पहिल्यांदा नीट केलं. लाकडी दांड्याच्या खाचेतून जुन्या सुरीने खरवडून काढलेला कपचा तळहातावर घेतला, त्यात काळ्या खपल्यांचे बारीक तुकडे स्पष्ट दिसत होते. शेवटचा आजारी पक्षी बरा होऊन तोपर्यंत पाच महिने झाले होते.

तपासणी 8: नवा पक्षी कुठून आला?

बरी झालेली कोंबडी स्वतः पुन्हा सहसा आजारी पडत नाही, पण काही पक्ष्यांत विषाणू दबा धरून राहतो आणि पिसं झडण्याच्या काळात किंवा मोठ्या ताणात पुन्हा बाहेर पडू शकतो. म्हणून बाहेरून आणलेला धडधाकट दिसणारा पक्षीही महिनाभर वेगळा, वेगळ्या भांड्यांवर ठेवायचा. आठवड्यातून दोनदा तुरा, पापण्या आणि तोंड पाहायचं. महिना लांब वाटतो, पण फोड दिसायला दहा दिवस लागतात आणि प्रवासाचा ताण त्यानंतर कधीही बाहेर येतो.

आपल्या बऱ्या झालेल्या कोंबड्या दुसऱ्याला देतानाही त्यांना देवी येऊन गेल्या हे सांगा. लपवू नका.

तपासणी 9: लस

ही सगळ्यात शेवटी, कारण ती चुकीच्या वेळी, चुकीच्या हाताने दिली तर उपयोग शून्य. नीट दिली तर मात्र हाच सगळ्यात पक्का उपाय आहे.

याच विषाणूमुळे लसींच्या इतिहासाला एक मोठं वळण मिळालं. 1931 साली अ‍ॅलिस वुडरफ आणि अर्नेस्ट गुडपास्चर यांनी कोंबडीच्या उबवत्या अंड्यात विषाणू वाढवून दाखवला, तो कोंबड्यांच्या देवीचा होता. माणसांच्या फ्लूच्या लसी पुढे अंड्यांत बनू लागल्या त्या याच वाटेने.

देवीची लस जिवंत असते. ती पाण्यातून देत नाहीत, सहसा पंखातून देतात. पंख उघडला की सांध्याजवळ कातडीचा पातळ पडदा दिसतो, त्यात दोन टोकांची खाचेची सुई लसीत बुडवून आरपार टोचतात. शीर आणि हाड टाळायचं. तिथली दोन-चार पिसं आधी बाजूला करायची. लस पिसांना लागली आणि कोंबडी डोकं पंखाखाली घालून झोपली तर तीच लस डोळ्याला लागते. टोचायच्या जागी स्पिरिट लावू नका, त्याने लसीतला विषाणू मरतो.

लस 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये राहिली पाहिजे, आणताना बर्फाच्या डब्यात. एकदा पातळ केली की बाटलीवर लिहिलेल्या वेळेत, साधारण दोन तासांत, संपवायची. उरलेली फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या आठवड्यात द्यायची नाही. ती उकळून किंवा जाळून नष्ट करायची. एका बाटलीत पुष्कळ डोस असतात, म्हणून दोन-तीन घरांनी मिळून एकाच दिवशी लस द्यावी.

वेळ: डासांचे दिवस सुरू व्हायच्या महिनाभर आधी, आणि तलंगा अंड्यावर येण्यापूर्वी. सहा आठवड्यांवरच्या पक्ष्यांना साधारणपणे ही लस देतात, त्याहून लहान पिल्लांसाठी सौम्य लस वेगळी असते, ती डॉक्टरांना विचारूनच.

साथ आधीच सुरू झाली असेल तर? वहीतले आकडे पाहा. 30 टक्क्यांहून कमी कोंबड्यांना फोड असतील तर उरलेल्या निरोगी पक्ष्यांना ताबडतोब लस देऊन साथ अडवता येते, कारण देवी सावकाश पसरतात. फोड आलेल्या कोंबडीला लस देऊ नका. निम्म्याहून जास्त आजारी असतील तर लसीची वेळ गेली, सेवा करा आणि तपासणी 7 नीट करा.

दिल्यावर 7 ते 10 दिवसांनी पंख उघडून टोचलेली जागा पाहा. तिथे लहान सूज किंवा खपली हवी. ती खूण म्हणजे लस लागली. पूर्वी ना देवी, ना लस, अशा पक्ष्यांमध्ये खूण बहुतेकांना नसेल तर लस वाटेतच मेली होती, पुन्हा द्यावी लागेल. मी एकदा हे पाहिलं नाही आणि सगळे पक्षी सुरक्षित आहेत असं समजून बसले. चौथी साथ त्याच पक्ष्यांत आली.

आता थांबा, डॉक्टरांना बोलवा

- कोंबडी चोच उघडून, मान ताणून श्वास घेतेय. हे त्याच दिवशी, उद्या नाही.
- खोकताना रक्ताचा चिकट स्राव उडतोय. श्वासनलिकेचा दुसरा विषाणूजन्य आजार असू शकतो.
- दोन दिवस पिशवी रिकामी आहे आणि हाताने भरवूनही कोंबडी गिळत नाही.
- डोळ्यात पू आहे किंवा बुबुळ पांढरं पडलंय.
- लस घेतलेल्या आणि खूण उमटलेल्या पक्ष्यांना पुन्हा फोड येतायत.
- आठवड्यात दोनहून जास्त कोंबड्या मेल्या, कारण काहीही वाटलं तरी.

डॉक्टर खपलीचा किंवा थराचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतील. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली पेशींमध्ये बोलिंगर बॉडी नावाचे ठिपके दिसले की देवी नक्की. नमुना तुम्ही स्वतः खरवडून काढू नका.

मेलेली कोंबडी तपासायला न्यायची असेल तर आधी फोन करून विचारा, न सांगता नेऊ नका. हो म्हणाले तर हातमोजे घालून ती दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधा, डब्यात भोवती बर्फ घालून ठेवा, फ्रीझरमध्ये गोठवू नका, आणि 24 तासांच्या आत पोचवा. सोबत ती वही न्या. पहिला फोड कधी दिसला, किती पक्षी, किती आजारी, किती मेले, लस कधी दिली, नवा पक्षी कधी आला. डॉक्टर सगळ्यात आधी हेच विचारतात.